अंटार्क्टिकातील अर्थिंग

‘वायरिंग सगळीकडे सारखेच, मैत्री स्थानकावर फक्त थंडी जास्त’ असे अंटार्क्टिकातील या भारतीय संशोधन स्थानकाबद्दल म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. अति थंडीत केबलचे पीव्हीसी आवरण कडक होऊन वाकवताना तडकते, हे खरेच. पण त्याहून मोठी अडचण अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज सुरक्षितपणे जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीची आहे. नागपुरात मे महिन्यात जमीन वाळली की आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो आणि जमिनीचा विजेला होणारा रोध कमी होतो, कारण पाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात. १९८९ पासून कार्यरत असलेले मैत्री उभे आहे खडकाळ भूमीवर. तेथे ओतलेले पाणी गोठते आणि बर्फातून वीज जेमतेम वाहते. शिवाय हवा इतकी कोरडी, की अंगावर स्थिर विद्युत साचते. नियंत्रण पॅनेलमधील इलेक्ट्रॉनिक कार्डाला हात लावण्यापूर्वी ती आठवणीने उतरवावी लागते.