मदत हवी आहे: वाळीत टाकलेल्या घराच्या कथेसाठी

नमस्कार मंडळी,

एक लघुकथा लिहितोय, मध्यावर अडकलीय. काळ १९९८च्या आसपासचा, रायगड जिल्ह्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. नवरा गेल्यावर बाई कुंकू पुसायला नकार देते, गावकीच्या बैठकीत माफीही मागत नाही. घर वाळीत पडतं.

काळ मुद्दाम मागचा घेतलाय. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६चा, लागू झाला २०१७ साली. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. माझ्या बाईच्या हाताशी असं काहीच नाही.

दुकान बंद, आमंत्रणं बंद, मयताला खांदा नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला हवंय ते बारीक. शिमग्याची पालखी दारोदार फिरते, मग या दाराशी काय होतं? ढोल थांबतो, की नुसतेच पुढे जातात? तिच्याशी चोरून बोलणाऱ्यालाही दंड होतो का, आणि तो कोण ठरवतं? मुंबईकर मंडळींचा ठरावात किती हात असतो? गणपतीला आलेला सख्खा दीरसुद्धा बाहेरूनच परत जाईल, असं मी लिहिलंय. जरा भडक वाटतं का?

कोकणातल्या कुणी पाहिलं-ऐकलं असेल तर सांगा, गावाचं नाव नको. या विषयावरच्या कथाही सुचवा. मात्र ज्यात शेवटी अख्खं गाव रडत माफी मागतं, तसल्या नकोत, भरपूर वाचल्यात.