मेमरी कार्डावरचा स्वॅप बंदच करा: माझं मत, आता हाणा

अभ्यासिका_दारव्हा:
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी अभ्यासिकेत रास्पबेरी पाय ३बी हा तळहाताएवढा संगणक आहे, १ जीबी रॅमवाला, डिस्कच्या जागी मेमरी कार्ड. वायफायवर किविक्स या प्रोग्राममधून ऑफलाइन मराठी विकिपीडिया दिसतो, जुने प्रश्नसंच आहेत आणि पुस्तकांची देवघेव मारियाडीबी या डेटाबेसमध्ये नोंदवतो. भरतीची तयारी करणारी तीस-पस्तीस पोरं सकाळी सहापासून त्यावर असतात. चौदा महिन्यांत तिसरं मेमरी कार्ड गेलं.

दिवाळीच्या सुमारास डेटाबेस आपोआप बंद पडायला लागला. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मारियाडीबीचं नाव. जो तो म्हणे, स्वॅप वाढवा, म्हणजे रॅम भरली की तिच्यातलं कार्डावर उतरवायची जागा. मी स्वॅपची फाइल १०० एमबीची २०४८ केली. डेटाबेस मरायचा थांबला, पण यंत्र थकल्या बैलासारखं चालू लागलं. आणि परवा सोमवारी पडद्यावर हे आलं:

रीड-एरर ऑन स्वॅप-डिव्हाइस
एमएमसी० : एरर -११०
ईएक्सटी४-एफएस एरर, रीमाउंटिंग फाइलसिस्टम रीड-ओन्ली

त्यानंतर वाचता येतं, लिहिता काहीच येत नाही. देवघेव पुन्हा दोनशे पानी वहीत सुरू केली.

माझं मत असं, की फ्लॅश कार्डाच्या पेशींना लिहिण्या-पुसण्याचं ठरावीक आयुष्य असतं. स्वॅप म्हणजे ४-४ केबीचे तुकडे इकडेतिकडे लिहीत राहणं, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी कार्डाला आतून अख्खा मोठा ब्लॉक हलवावा लागतो. अशा यंत्रावर स्वॅप शून्य करावा. रॅम पुरत नसेल तर काम कमी करावं. यावर कोणाचं दुमत?

वरूड_संत्रा:
शंभर टक्के सहमत. बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह पायवर चालवतो. दोन वर्षं स्वॅप बंद, कार्ड तेच. नोएटाइम टाकलं, म्हणजे फाइल नुसती वाचली की वेळ लिहिणं बंद, लॉग रॅममध्ये ठेवले, विषय संपला.

निवृत्त_लाईनमन:
लेकरा, स्वॅपच्या नावानं काहून बोंबलून रायला? आधी सांग, चार्जर कोणता अन् वायर किती लांब?

-११० म्हणजे टाइमआउट. कार्डाले विचारलं, त्यानं वेळेत उत्तर नाही देल्लं, एवढाच त्याचा अर्थ. झिजलेलं कार्डही असं करते अन् उपाशी कार्डही असंच करते. पायले ५ व्होल्ट पाहिजे. ४.६३ च्या खाली गेलं की तो स्वतःच ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ लिहून ठेवते. पाह्यलं का तू?

अभ्यासिका_दारव्हा:
काका, चार्जर जुन्या मोबाइलचा, वायर दोन मीटर. बोर्ड कपाटाच्या वर आणि प्लग दाराजवळ, म्हणून. पण तीच वायर पहिल्या दिवसापासून आहे. आणि व्होल्टेज कमी पडलं का ते सांगणारी थ्रॉटलची आज्ञा दिली तर शून्य आलं, म्हणजे सगळं ठीक.

निवृत्त_लाईनमन:
शून्य येईनच! यंत्र बंद होऊन चालू झालं की तो हिशेब पुसल्या जाते. सोमवारी एरर आल्यावर तू बंद-चालू केलंच असशीन ना? सकाळी पोरं बसल्यावर, चालू असतानी पाय. अन् नुसत्या आकड्यावर जाऊ नको. मीटर घे, पिन २ अन् पिन ६ वर लाव. दुसऱ्या पिनले चिकटवू नको, नाहीतर चौथं कार्ड सोड, नवा बोर्डच घ्यावा लागन.

दोन मीटरची पातळ वायर, करंट जाऊन-येऊन चार मीटर. पाऊण ओहमच्या वर रोध. ०.६ अँपिअरले अर्धा व्होल्ट वायरच खाते. माही अख्खी नोकरी लोकायले हेच समजावण्यात गेली, की डीपीवर व्होल्टेज असते ते मोटरपाशी नसते.

पऱ्हाटी:
काकांचा मुद्दा खरा, पण मूळ दाव्यावर यायचं तर स्वॅपनं कार्ड झिजलं हे मोजलं का? की नुसतं वाटलं? मोजता येतं. प्रॉक व्हीएमस्टॅट या फाइलमध्ये ‘पीएसडब्ल्यूपीआउट’ ही ओळ बघा. स्वॅपमध्ये किती पानं लिहिली ते कळतं, एक पान ४ केबीचं. मग सिस ब्लॉकमधल्या कार्डाच्या ‘स्टॅट’ फाइलमधला सातवा आकडा घ्या. ते एकूण लिहिलेले सेक्टर, एकेक ५१२ बाइटचा. दोन्हींची तुलना करा. जुन्या कार्डाची प्रत असेल तर नव्यावर चढवून आठवडाभर चालवा, मग बोलू.

वरूड_संत्रा:
एवढं मोजत बसायचं तर शेती कधी करायची?

पऱ्हाटी:
तुमच्या बागेत ६० एमबीची एक पायथन स्क्रिप्ट चालते. स्वॅप बंद असो की चालू, तिला फरकच पडत नाही. त्यावरून अभ्यासिकेचा निवाडा करू नका.

सेमाना_ताई:
गडचिरोलीकडून आमचाही अनुभव. आमच्या शाळेतल्या पायचा स्वॅप मी कार्डावरून काढून पेनड्राइव्हवर नेला होता, अगदी हुशारीनं. पंधरा दिवस झकास चाललं. मग सातवीतल्या एका पोरानं गाणी भरायला तोच पेनड्राइव्ह उपटला. चालत्या यंत्राची अर्धी स्मृतीच खिशात घालून पोरगा घरी गेला! पडदा थिजला. पुन्हा चालू केला तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या ड्राइव्हच्या यादीत, त्याची नोंद, तो सापडेना, म्हणून थेट इमर्जन्सी मोड. ‘नोफेल’, म्हणजे ड्राइव्ह नसला तरी पुढे जा, हा एक शब्द लिहायचा राहिला होता. त्यामुळे बाहेरच्या ड्राइव्हवर स्वॅप ही सूचना कोणी करणार असेल, तर आधी त्यावर चिकटपट्टी लावा.

जुना_लॅपटॉप_झिंदाबाद:
एवढा खटाटोप कशाला? पाच-सात हजारांत जुना लॅपटॉप मिळतो. ४ जीबी रॅम, खरी डिस्क, बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. पाय हे शौकाचं खेळणं आहे.

अभ्यासिका_दारव्हा:
दादा, पाय वर्गणीतून घेतलाय, आणि लाईट गेली की छोट्या सोलर बॅटरीवर रात्रभर ओढतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं टिकली तरी नशीब. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ती फुगणार नाही याची हमी देता का?

जुना_लॅपटॉप_झिंदाबाद:
फुगण्याचं खरं आहे. माझीच फुगली होती. बाकी मत कायम.

अभ्यासिका_दारव्हा:
सहा दिवसांनी आलो. प्रत होती, ती चौथ्या कार्डावर चढवली, स्वॅप मुद्दाम २०४८ च ठेवला. पऱ्हाटीभाऊ, तुमचे आकडे: स्वॅपमध्ये ३,१०,००० पानं, म्हणजे सव्वा जीबी. कार्डावर एकूण लिहिलेले सेक्टर २,९०,००,०००, म्हणजे जवळपास १५ जीबी. स्वॅपचा वाटा बाराव्या हिश्श्याच्या आसपास. मला निम्मा तरी वाटला होता. कबूल.

पण झीज सोडा, दुसरा मुद्दा उरतोच. साध्या फाइलचा एक तुकडा वाचता आला नाही तर ती फाइल गेली, बस. स्वॅपमधलं पान परत वाचता आलं नाही तर चालता प्रोग्रामच मरतो. तो डेटाबेस असेल तर? लटपटत्या कार्डावर स्मृती ठेवायचीच कशाला?

पऱ्हाटी:
हा मुद्दा मान्य, पण उपाय उलटा. रॅम कोण खातंय ते शोधलं का? तुमच्याकडे पीएचपीसोबत अपाची (वेबपानं पुरवणारा सर्व्हर) असेल तर त्याची एकावेळच्या प्रक्रियांची कमाल मर्यादा बहुतेक मूळची १५० असेल. सकाळी सहाला पस्तीस मोबाइल जोडले की तो प्रक्रिया वाढवत जातो, प्रत्येकीत पीएचपी. १ जीबीत ते मावत नाही, आणि मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात जाड गड्याला मारतो, तो निघतो मारियाडीबी. बिचाऱ्याचा गुन्हा काहीच नाही. अपाची १२ वर आणा. मारियाडीबीचा बफर पूल, म्हणजे त्यानं रॅममध्ये राखलेली जागा, मूळचा १२८ एमबी असतो, तो ३२ करा, तुमच्या देवघेवीला पुष्कळ झाला. आणि ते १५ जीबी कोण लिहितंय तेही बघा. मला डेटाबेसच्या लॉगवर संशय आहे. प्रत्येक व्यवहाराला तो डिस्कवर पक्कं लिहितो. फ्लशची सेटिंग १ ची २ केली तर लिखाण उतरेल. लाईट गेली तर शेवटच्या सेकंदाच्या नोंदी जातील, इतकंच.

सेमाना_ताई:
शेवटच्या सेकंदात कोणी पुस्तक नेलं तर तो पळून नाही जात. गावात सगळे ओळखतात.

निवृत्त_लाईनमन:
मीटर लावला का नाही?

अभ्यासिका_दारव्हा:
लावला, काका. आज सकाळी साडेसहाला, हॉल भरलेला. ४.५६ व्होल्ट. पोरं उठल्यावर ४.८. थ्रॉटलची आज्ञा चालू यंत्रावर दिली तर ५ नं सुरू होणारा आकडा, व्होल्टेज कमी पडतंय हे सांगणारा. म्हणजे पायचे पाय खरंच उपाशीपोटी लटपटत होते.

आणि आता खरी लाज वाटायची गोष्ट. ‘मेलेलं’ तिसरं कार्ड मित्राच्या लॅपटॉपला लावून एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रामनं तपासलं. पूर्ण ३२ जीबी लिहिलं, पूर्ण वाचलं, एकही चूक नाही. कार्ड ठणठणीत. पहिली दोन मी फेकून दिली होती. त्यातलं एक नकली असेलही, मोबाइलच्या दुकानातून घेतलेलं होतं, पण आता तपासायला आहे कुठे?

निवृत्त_लाईनमन:
कार्ड फेकायच्या आधी वायर फेकायची असते, बावा.

वरूड_संत्रा:
म्हणजे स्वॅप निर्दोष सुटला?

अभ्यासिका_दारव्हा:
माझ्या कोर्टात नाही. अपाची १२ वर आणला, बफर पूल ३२ वर. सकाळी भर गर्दीत ३०० एमबी रॅम मोकळी दिसते, मग कार्डावर स्वॅप हवाच कशाला? फाइल काढून टाकली, आधी स्वॅपऑफ देऊन, आणि झेडरॅम लावलं. तो रॅममध्येच पानं दाबून ठेवतो, कार्डाला हातही लावत नाही. थोडा प्रोसेसर खातो, खाऊ दे.

निवृत्त_लाईनमन:
झेडरॅम ठेव. पण कार्डावर १०० एमबीही राहू दे. निकालाच्या दिवशी गर्दी दुप्पट होईन, तव्हा डेटाबेस मेला तर मले सांगू नको.

अभ्यासिका_दारव्हा:
मेला तर वही आहे, काका. १०० पण नाही ठेवत.

सेमाना_ताई:
तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, नवा चार्जर कोणता घेतला? आम्हालाही आणायचाय.

अभ्यासिका_दारव्हा:
पाय ३ साठीचा अधिकृतच, ताई. ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर, वायर त्यालाच जोडून येते. नागपूरहून मागवला. वायर पुरेना, म्हणून बोर्ड कपाटावरून खाली आणून दाराजवळच्या खिळ्याला टांगलाय. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला धक्का देतो.