मदत हवी आहे: पोस्टग्रेस १४.२ वरून अपडेट केलं, आता जिन इंडेक्सचं काय करू?

मंडळी, महापेच्या ऑफिसात पोस्टग्रेस (डेटाबेस) १४.२ होतं, ते १४ च्याच शेवटच्या मायनर व्हर्जनवर नेलंय, कारण १४.४ च्या आधी क्रिएट इंडेक्स कन्करंटली (टेबलवर लिहिणं न थांबवता इंडेक्स बनवणारी कमांड) चालवलं की इंडेक्समधून (शोधायच्या सूचीतून) रो (नोंदी) गळू शकायच्या आणि आमचे सगळे इंडेक्स तसेच बनवलेत. बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचे) इंडेक्स पीजी-अ‍ॅमचेक या तपासणीच्या टूलने हीपऑलइंडेक्स्ड (टेबलची प्रत्येक रो इंडेक्समध्ये आहे का बघणारा पर्याय) लावून तपासले, चलानांच्या टेबलचा एक खराब निघाला (नंबर टाकला की शून्य रो, इंडेक्स स्कॅन बंद केला की चलान हजर!), तो रीइंडेक्स केला (नव्याने बनवला). पण सर्चचा जिन इंडेक्स (मजकुरातले शब्द शोधायला वापरतात तो प्रकार) हे टूल बघतच नाही. रेप्लिका (डेटाबेसची दुसरी चालती प्रत) नाही, डिस्क जेमतेम, गोडाऊनवाले रात्रीपण एंट्री करतात म्हणून लिहिणं अडवणारा साधा रीइंडेक्स जमणार नाही. आता रीइंडेक्स कन्करंटली बिनधास्त चालवू का, आणि मध्येच जागा संपली तर जुना इंडेक्स शाबूत राहतो ना?