वर्डप्रेस: किल्ल्यांसाठी कॅटेगरी पुरेल की कस्टम पोस्ट टाइप करावा?

माचीवरून:
सातारा जिल्ह्यातल्या भटकंतीचा ब्लॉग आहे. किल्ले, घाटवाटा, जत्रांवरचे लेख असं सगळं साध्या पोस्टमध्ये, कॅटेगरी लावून. आता प्रत्येक किल्ल्याला तालुका, उंची, पाण्याची सोय, परवानगी हे ठरावीक जागी दाखवायचंय आणि तालुक्याप्रमाणे यादीही हवीय. सगळ्याच विषयांचे कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे साध्या पोस्टहून वेगळे नोंदींचे प्रकार, करू का?

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे नको. फक्त किल्ल्यांचा करा. ज्या नोंदींना तीच ती माहिती लागते आणि तिच्यावरून चाळणी लावायची असते, तिथेच वेगळा टाइप कामाचा. जत्रेचा लेख तारखेनुसार वाचला जातो, त्याला पोस्ट आणि कॅटेगरी पुष्कळ झाली.

तालुका मात्र कस्टम फील्डमध्ये, म्हणजे नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्यात, टाकू नका; त्याची कस्टम टॅक्सॉनॉमी, म्हणजे कॅटेगरीसारखी आपली वेगळी वर्गवारी, करा. मग ‘वाई’वर क्लिक केलं की पांडवगड, वैराटगड, कमळगड आपोआप एका पानावर येतात. फील्डवरून शोधायचं तर वेगळी क्वेरी (डेटाबेसमधून नोंदी मागवणारी सूचना) लिहावी लागते आणि नोंदी वाढल्या की ती मंदावते. उंची फील्डमध्येच ठेवा, पण नुसता आकडा, ‘फूट’ टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) लिहा. क्रम लावताना तुलना संख्या म्हणून करा, नाहीतर अक्षरांच्या हिशेबाने ९०० हे ३००० च्या वर जाऊन बसतं. आणि ज्या किल्ल्याला ते फील्ड जोडलेलंच नाही, तो त्या यादीतून गायब होतो.

वासोटा किल्ल्यासाठीची वनखात्याची परवानगी, तिकडे जाणारी बामणोलीची बोट ही माहिती बदलत राहते. तिला स्वतंत्र फील्ड द्याच. चुकीच्या माहितीवर माणूस बामणोलीपर्यंत जाऊन परत फिरायला नको.

घाटमाथा:
पोस्ट टाइपचा कोड थीममध्ये घालू नका, छोटं प्लगिन करा. थीम बदलली की किल्ले डेटाबेसमध्ये राहतात, पण अ‍ॅडमिनमध्येही दिसत नाहीत आणि साइटवरही नाहीत. टाइपचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, २० अक्षरांच्या आत. टाइपच्या कोडमधला ‘शो इन रेस्ट’ (show_in_rest) हा पर्याय चालू केला नाही तर ब्लॉक एडिटर उघडत नाही, जुना एडिटर येतो. किल्ल्याचं पान ४०४ (‘पान सापडत नाही’) दाखवायला लागलं तर सेटिंग्जमधल्या पर्मालिंक्समध्ये जाऊन काही न बदलता एकदा सेव्ह करा. मुख्यपानावर आणि फीडमध्ये नवे किल्ले आपोआप येत नाहीत, मुख्य क्वेरीत तो टाइप जोडावा लागतो.

माचीवरून:
आणि जुन्या पोस्ट?

कृष्णाकाठ:
आधी बॅकअप. मग ‘पोस्ट टाइप स्विचर’ प्लगिनने बल्क एडिटमधून (अनेक पोस्ट एकदम बदलायची सोय) टाइप बदला, मजकूर पुन्हा चिकटवायची गरज नाही. पत्ते बदलतील. जुन्या पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) स्वतः लावा, वर्डप्रेसच्या अंदाजावर सोडू नका. तालुके मात्र हातानेच भरावे लागतील.