मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या रुग्णाचा अशक्तपणा (फ्रेल्टी) हृदयाची झडप बदलण्याआधी कसा मोजावा?

आम्ही सोलापूरचे. माझ्या आईचे वय 79 असून तिची अयोर्टिक झडप तीव्र अरुंद झाल्याचे टूडी एकोत निष्पन्न झाले आहे. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी की मांडीच्या रक्तवाहिनीतून टावी पद्धतीने झडप बसवावी, याचा निर्णय व्हायचा आहे. एसटीएस स्कोअर (शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज) 4 ते 8 टक्क्यांच्या मधल्या गटात येतो; मात्र त्या आकड्यात शरीराची झीज पुरेशी उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी अशक्तपणाची वेगळी तपासणी सुचवली.

ती इथेच करून घेतली आणि अडचण तिथेच आली. पाच मीटर चालायला सहा सेकंदांहून अधिक वेळ लागला, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणे तिला जमले नाही. पण तिचे दोन्ही गुडघे अनेक वर्षांपासून झिजलेले आहेत, त्यामुळे हा अशक्तपणा की गुडघ्यांचा त्रास, हे कळत नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीत वाचन-लेखनाचे प्रश्न होते आणि आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळे तिथेही गुण कापले गेले, हे मला अन्यायाचे वाटते. हिमोग्लोबिन 12.4, अल्ब्युमिन (रक्तातील प्रथिन) 3.8, मूत्रपिंडे ठीक, मधुमेह नाही. आंघोळ, कपडे, जेवण ती स्वतःचे स्वतः करते. गरज पडल्यास पुण्याला नेण्याची तयारी आहे.

हृदयरोग किंवा वृद्धोपचार क्षेत्रातील जाणकारांना विचारायचे आहे की, अशा रुग्णात चालण्याऐवजी हाताच्या पकडीची ताकद ग्राह्य धरतात का, आणि निरक्षर मराठी भाषकांसाठी स्मरणशक्तीची कोणती चाचणी वापरतात?