मारुती जिम्नीला लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं), पण गाडी रोज डांबरावर

कासारवडवलीकर: घोडबंदर रोड, मग ठाणे-बेलापूर रोडने महापे, रोजचं. चिखल क्वचित. 2 इंचांचं लिफ्ट किट (उंच स्प्रिंगचा संच) घेऊ की नुसते स्पेसर (मूळ स्प्रिंगला लावायचे ठोकळे)?

कळवा४बाय४: दादा, डांबराला 1 ते 1.5 इंच पुरे. स्पेसरसोबत शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मूळ लांबीचेच राहतात. चाक खड्ड्यात उतरलं की शॉक पूर्ण ताणून ठोका देतो. स्प्रिंग-शॉक जोडीनेच बदला. जिम्नीला पुढेही सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) आहे, म्हणून उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) घटतो, स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, वेगात गाडी भरकटते. 2 इंचांना कॅस्टर करेक्शन बुश (तो कोन परत आणणारे रबरी जोड) हवेतच. अ‍ॅक्सलही एका बाजूला सरकतो, त्याला अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल मध्यभागी धरणारा आडवा दांडा). स्टिअरिंग थरथरलं तर लोक आधी स्टिअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा भाग) बदलतात (दुकानदार खूश!), आधी पॅनहार्ड रॉडचे बुश तपासा.

ऐरोली_गॅरेज: स्प्रिंगचा कडकपणा विचारून घ्या. सामान लादायची कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत पाठ मोडते. अ‍ॅक्सल धरणाऱ्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसा; जॅकवर कसले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या.

कासारवडवलीकर: मग 1.5 इंच, शॉकसकट.