इम्युनॉलॉजीसाठी एमबीबीएस लागतं का?
ताई, तुमच्या ऐरोलीच्या भाचीला (एमएस्सी बायोटेक ना?) कुणीतरी सांगितलंय की इम्युनॉलॉजीत (म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात) शिरायला डॉक्टरच असावं लागतं. अजिबात नाही. मी मायक्रोबायोलॉजीवाली, राहते घणसोलीला, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे.

मला या विषयाची गोडी लागली ती फायकॉलमुळे, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या करायला वापरतात त्या दाट द्रवामुळे. पातळ केलेलं रक्त नळीच्या कडेने अगदी अलगद फायकॉलवर सोडायचं मग सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) फिरवायचं आणि ते ब्रेक न लावता थांबू द्यायचं. तळाशी तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मध्ये धुरकट पांढरी कडी. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तिथेच. पहिल्या खेपेला मी ब्रेक बंद करायलाच विसरले. सगळे थर कालवले गेले, सकाळ फुकट.

आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक विसरू नका. टाटा मेमोरियलचीच कॅन्सर संशोधन संस्था, आणि घरापासून जवळ. रुग्णाच्याच टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) काढून, कॅन्सरच्या पेशी ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यावर बसवून परत द्यायच्या, ही कार-टी थेरपी. नेक्सकार१९ ही आपली पहिली देशी कार-टी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. कागदावर. माझी एकदा चार महिने रखडली होती, तेव्हा घरचा आधार लागतोच.

भाचीला नेटचा (ही फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) अभ्यास करू दे, पण शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) असलेल्या लॅबमध्येच घ्यायला सांगा. लॅबला केलेल्या मेलला उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी परत पाठवायचा, लाजायचं नाही.